तुमी वाफ्यात, मी गच्चीवर

कुपवाड,
३ डिसेंबर २०२४

आम्रपालीच्या अण्णांना,
बायडाबाईचा सप्रेम जयभीम वि. वि.

वर तुमचं नाव घालायचं म्हणून किती तरी वेळ पेन धरून बसले. लग्न झाल्यापासनं कवा तोंडानं घेतलं न्हाई, ते कागदावर कसं घेऊ. आम्रपाली हसून हसून कॉटवरनं पडायची राहिली. म्हणाली, आई, पाकिटावर तरी घाल, न्हाईतर पत्र शेजारच्या बिरदेवकाकांकडं जाईल. तवा पाकिटावर तिनं घातलंय आणि आत मी माझ्या पद्धतीनं घातलंय.

पत्राचं कारण असं, की तुमी फोनवर बोलत न्हाई, वरडता. एसटीच्या डेपोत इंजनाच्या वर आवाज काढायची सवय लागली ती रिटायर झालात तरी सुटली न्हाई. परवा तुमी तिकडं हॅलो म्हणालात आणि हिकडं सृष्टी दचकून उठली. एवढासा जीव, पर रडती तुमच्यासारखीच दणक्यात. आम्रपालीनं कायदाच केलाय, आता अडीनडीलाच फोन. बाळासोचा टेम्पो दर मंगळवारी कांदा घेऊन सांगलीच्या मार्केटला येतो, जाता जाता कुपवाडला थांबतो. पत्रं त्याच्या हाती द्यायची.

पोरगी आणि नात दोघी बऱ्या हायेत. जावई मिलिंदराव सकाळी कारखान्यात जायच्या आधी बाळाचं सगळं धुऊन वाळत घालतात. माझा जीव मात्र परसात. वांग्याला एक दिवस आड पाणी द्या. पावट्याचा वेल मांडवावर चढून फुलायला लागलाय, त्याला हात देऊ नका, त्याचं त्यो पसरतो. टाकीजवळच्या वाफ्यात चाकवत नुकताच उगवलाय, तिथं पाय ठेवू नका. मेथी काढायला आली. तुमी खाणावळीत जेवणार, तवा भाजी तोडून शेजारी वाटा, झाडावर जून होऊ देऊ नका.

लोभ हाय तेवढा ऱ्हाऊ द्या, आणि वाफ्याला पाणी द्या.

तुमची,
बायडाबाई


वडूज,
९ डिसेंबर

सौ. बायडाबाई हिस,
धोंडिरामचा सप्रेम जयभीम वि. वि.

तुझं पत्र बाळासोनं दिलं. ते बिरदेवच्या कट्ट्यावर बसून वाचलं. बिरदेव म्हणाला, मोठ्यानं वाच. मी म्हणालो, मोठ्यानं वाचलं तर कुपवाडला बाळ उठेल.

परसाची कसून तपासणी केली. टाकीजवळचा वाफा तू म्हणतेस तसा चाकवताचा दिसला नाही. तिथं नुसतं तण माजलं होतं, ते मुळासकट उपटून काढलं. आता वाफा असा लख्ख आहे की मोठे साहेब तपासणीला आले तरी बोट ठेवायला जागा नाही. कोपऱ्यात एक जोमदार रोप होतं, त्याला मात्र काठी लावली आणि बिरदेवनं दिलेलं मेंढरांचं लेंडीखत घातलं. त्याला काटे आहेत, हाताला दोनदा टोचलं, पण वाढ फार उत्तम आहे. कसली भाजी आहे ती कळव.

वांग्याच्या ओळीला मी नळ्या टाकल्या. प्रत्येक झाडाला आता स्वतःचं कनेक्शन आहे. एक कॉक फिरवला की सगळ्यांना सारखं पाणी. माझ्या हयातीत एवढं बिनचूक काम मी कुठल्या गाडीवर केलं नसेल.

खाणावळ सोडली. तिथं रोज बटाटा. इकडं घरात वांगी झाडाला लोंबतायत आणि मी पैसे देऊन बटाटा खातोय, हे काही पटेना. म्हणून स्वतः स्वयंपाकाला लागलो. मेथी परतली, ती कढईभर होती, झाकण काढलं तर मूठभर उरली. बाकीची कुठं गेली म्हणून मी कढईखाली पण बघितलं. भाकरीचा घेर जमला, जाडी जमत नाही. ब्रेक लायनरला शोभेल अशी झाली. बिरदेवनं एक खाल्ली, त्याचं मन मोठं आहे. दुसरी त्यानं कुत्र्याला घातली. कुत्र्यानं वास घेतला, माझ्याकडं एकदा बघितलं आणि लांब जाऊन बसलं.

सृष्टीला माझा मुका, हळू आवाजात. आहे तो लोभ असाच चालू ठेव.

तुझा,
धोंडिराम


कुपवाड,
१७ डिसेंबर

आम्रपालीच्या अण्णांना,
सप्रेम जयभीम वि. वि.

तुमी उपटलं ते तण न्हाई, त्योच चाकवत हुता. आणि ज्याला काठी लावून खत घातलं त्यो काटेमाठ. त्यो मी गेली कैक वर्षं उपटून टाकती आणि त्यो परत येतो. आता तर त्याला वाटलं असंल आपलं राज्य आलं. पत्र वाचून मला आधी रडू आलं, मग हसू आलं, मग आम्रपालीला ठसका लागला, मग सृष्टी उठली. एवढं तुमचं कर्तृत्व.

फडताळात पितळंच्या डब्याच्या मागं लाल झाकणाची बाटली हाय, तिच्यात चाकवताचं बी हाय. राखंत कालवून परत टाका. हलकं बी हाय, वर माती जास्त लोटू नका. उगवलं की पानाच्या पाठीमागनं पांढरट भुकटी असल्यागत दिसंल. तसं दिसलं की हात मागं.

स्वयंपाक करताय हे वाचून मी पत्र दोनदा उलटून बघितलं, अक्षर तुमचंच हाय का म्हणून. आता करताच हाय तर नीट करा. भाकरीला पाणी उकळतं घ्या. पीठ तळहाताच्या मुळानं रगडा, अंग मोडून रगडा, बोटानं खेळवू नका. वांगी कोवळी, लहान बघून घ्या. देठ तसाच ठेवून चार चिरा द्या. शेंगदाण्याचा कूट, भाजलेले तीळ, सुकं खोबरं, कांदा-लसूण चटणी, मीठ आणि गुळाचा खडा, थोड्या तेलात कालवून भरा. मंद आचंवर ठेवा, वर ताट झाका आणि ताटात पाणी घाला. सारखं सारखं उघडून बघू नका, भाजी पळून जात न्हाई.

हितं गच्चीवर घरमालकाच्या रंगाच्या रिकाम्या बादल्या पडल्या हुत्या. मिलिंदरावांनी त्यांना खाली भोकं पाडून दिली. मेथी, कोथिंबीर आणि लसूण लावलाय. गल्लीतल्या बाया बघायला येतात. कारखान्यात कामाला जाणाऱ्या दोघी तर येता-जाता माझ्या मेथीला विचारून जातात, किती वाढली म्हणून. मला आता समद्या मेथीमावशी म्हणतात.

माया हाय तशी असू द्या, काटेमाठावर मात्र नको.

तुमची,
बायडाबाई


वडूज,
३० डिसेंबर

सौ. बायडाबाई हिस,
सप्रेम जयभीम वि. वि.

भाकरी फुगली. हे आधी सांगतो, बाकीचं मागाहून.

सकाळी तव्यावरची भाकरी काढून आरावर टाकली तर ती एका बाजूनं उचलायला लागली. मला वाटलं डोळ्यांत धूर गेला. बघतोय तर सगळी टम्म. मी उलथन्यावर घेऊन तशीच बिरदेवच्या दारात पळत गेलो. तो बिचारा तोंड धूत होता. गल्लीतली पोरं मागं लागली, त्यांना वाटलं काही पेटलंय. बिरदेवपर्यंत पोचेतो भाकरी बसली, पण तोंडभर चूळ धरून त्यानं मान डोलावली. साक्षीदार आहे.

भरलं वांगंही जमलं. ताटात पाणी ठेवायची तुझी युक्ती बघून मी थक्क झालो. हा तर रेडिएटर आहे. वरून गार, आतून वाफ, आणि भाजी करपत नाही. एवढी वर्षं घरात रेडिएटर होता आणि मी डेपोत शोधत बसलो.

पावट्याचा मांडव ओझ्यानं वाकला, त्याला लोखंडी पाइपचा टेकू दिला. आता वर ट्रक उभा केला तरी हलणार नाही. रोज सकाळी चहाच्या आधी मी तिथं जाऊन उभा राहतो. काल जे फूल होतं आज त्याची शेंग झाली, एवढंच बघायचं, पण वेळ कसा जातो कळत नाही. चाकवत उगवला. पानामागं पांढरट भुकटी दिसली, हात मागं घेतला.

टेम्पोतून पोतं पाठवतोय. पावटा, वांगी, कांद्याची पात आणि मुळे आहेत. मुळे वाकडे आलेत, माती घट्ट आहे, त्यात माझी काही चूक नाही.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर आपल्या परसात डेपोतल्या जुन्या मंडळींना जेवायला बोलावलंय. तू ये. आम्रपालीला, जावयांना, बाळाला घेऊन ये. तू आलीस म्हणजे लोकांना कळेल की हे परस कुणाचं आहे.

तुझ्या लोभावर स्वयंपाक चालला आहे, तो कमी होऊ देऊ नको.

तुझा,
धोंडिराम


कुपवाड,
१४ जानेवारी २०२५

आम्रपालीच्या अण्णांना,
सप्रेम जयभीम वि. वि.

पोतं पोचलं. सोडलं तसा सगळ्या खोलीत आपल्या परसाचा वास सुटला. पावटा सोलायला गल्लीतल्या चौघी-पाच जणी आल्या, सोलता सोलता निम्मा कच्चाच खाल्ला. वाकडा मुळा हातात घेऊन मिलिंदराव म्हणाले, ह्यो तर अण्णांच्या मिशीसारखा हाय. तुमच्या भाकरीची गोष्ट मी पायरीवर बसून सगळ्यांना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, मावशी, आमच्या मालकांना पण एक म्हैना वडूजला पाठवतो.

सव्वीस तारखेला यायचं जमंल असं वाटत न्हाई. सृष्टीला त्याच आठवड्यात डोस हाय. मागच्या खेपंला अंगात कणकण आली हुती आणि रात्रभर खांद्यावरनं उतरली न्हाई. तसल्या पोरीला घेऊन एसटीत कुठं बसायचं, आणि तिला सोडून मी कशी येऊ.

आणखी एक. आम्रपाली आणि मिलिंदराव म्हणतात, दोघांनी आता कायमचं हितंच या. खालच्या मजल्यावरच्या दोन खोल्या रिकाम्या व्हणार हायेत. तुमी मागं म्हणायचा, चल पोरीकडं, त्या मातीत काय पुरून ठेवलंयस. तवा मी ऐकलं न्हाई. आता मला हितं सवय झाली. बाळाचा लळा लागला. तुमचं बी माझ्याबिगर काही अडत न्हाई, भाकरी फुगती, वांगं जमतं, मांडवाला लोखंड लागलं. तवा मी हितं ऱ्हायले काय आणि तिथं आले काय. तुमचं काय म्हणणं हाय ते कळवा.

तीळगूळ पाठवलाय. आहे त्यात गोड मानून घ्या.

बायडाबाई


वडूज,
२७ जानेवारी

सौ. बायडाबाई हिस,
सप्रेम जयभीम वि. वि.

कालचं जेवण झालं. कसं झालं ते ऐक.

आमटीला पावटा, भाजीला वांगी, आणि भाकऱ्या. एवढ्या जणांच्या भाकऱ्या माझ्या एकट्याच्यानं होईनात. मी आलेल्या प्रत्येकाच्या हातात पिठाचा गोळा दिला आणि सांगितलं, आपली आपण थापायची. आयुष्यभर घाटात गाड्या चालवलेले ड्रायव्हर परातीपुढं बसले आणि घाम पुसायला लागले. एकाची भाकरी तव्यावर टाकताना घडी पडली. एकानं थापता थापता परात ओलांडून जमिनीपर्यंत नेली. कंडक्टर लोकांची जरा बरी जमली, त्यांच्या बोटांना सवय असते. बायका कुंपणाच्या पलीकडं उभ्या राहून पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्यांना कुणी आत बोलावलं तरी त्या येईनात, म्हणाल्या, इथनं चांगलं दिसतंय.

मग आमटी वाढली. पहिला घास घेतल्यावर सगळे एकदम गप्प झाले. भिंतीकडेची ती बारकी मिरची मी बाजारातल्या मिरचीसारखी मूठभर वाटून घातली होती. ती लवंगी आहे हे तू सांगायला नव्हतीस. आमचे जुने साहेब सदऱ्याच्या बाहीनं नाक पुसत होते. बिरदेवच्या टोपीखालून पाणी वाहत होतं. पण कुणी ताट सोडलं नाही. डोळ्यांतून धारा आणि वाढा अजून, असं चाललं होतं. शेवटी बिरदेवच्या सुनेनं ताकाची कळशी आणली तेव्हा लोकांना बोलता यायला लागलं. सगळे म्हणाले, असं जेवण डेपोच्या इतिहासात झालं नाही. ते कौतुक होतं असं मी धरून चाललोय.

तू विचारलंस त्याबद्दल. आम्रपालीचं म्हणणं बरोबर आहे. तुला तिथं माणसं आहेत, बाळ आहे, गच्ची आहे. तू खुशाल तिथं राहा. माझी काळजी करू नको. इथं माझं सगळं व्यवस्थित चाललं आहे.

सर्वांना माझी आठवण.

धोंडिराम


कुपवाड,
४ फेब्रुवारी

ती. अण्णांना,
आम्रपालीचा सविनय जयभीम वि. वि.

हे पत्र आईला न सांगता लिहितेय. सृष्टी मांडीवर झोपली आहे, त्यामुळं अक्षर वाकडं आलं तर माफ करा.

तुमचं सव्वीस जानेवारीच्या जेवणाचं पत्र आईनं नेहमीसारखं पायरीवर बसून सगळ्यांना वाचून दाखवायला घेतलं. मिरचीपर्यंत आली तेव्हा बायका एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. मग शेवटचा मजकूर तिनं मनातल्या मनात वाचला. सगळ्या म्हणाल्या, पुढं काय, मावशी. तर म्हणाली, पुढं काही न्हाई, सही हाय. पत्र घडी करून कमरेला खोचलं आणि गच्चीवर गेली. मेथीला एवढं पाणी घातलं की पन्हळीतून ते खाली घरमालकांच्या स्कूटरवर आलं. रात्री जेवताना म्हणाली, डाळीला चव न्हाई. डाळ तिनंच केली होती.

अण्णा, तुम्ही लिहिता माझं व्यवस्थित चाललंय. ती लिहिते माझं व्यवस्थित चाललंय. तुमचं दोघांचं एवढं व्यवस्थित चाललेलं मी आजवर बघितलेलं नाही. या घरात खरं बोलते ती एकटी सृष्टी, नको झालं की सरळ भोकाड पसरते.

आम्ही इथं राहा म्हणालो ते दोघांना म्हणालो. एकीला ठेवून घ्यायचं आणि एकाला वडूजला टाकायचं असं आमच्या मनातही आलं नाही. माझी रजा मे महिन्यापर्यंत आहे, आणि सासूबाईही यायला तयार आहेत. तेव्हा बाळाचं निमित्त दोघांनीही सांगू नका. तुम्हाला आई परत यायला हवी असेल तर तसं सरळ लिहा. एक ओळ पुरे. हवं तर मोठ्या अक्षरात लिहा, ते वरडण्यासारखं दिसेल आणि तिला ओळखीचं वाटेल.

मिलिंद नमस्कार सांगतात. त्यांना ती लवंगीची आमटी खायची आहे, मी नको म्हणून सांगितलंय. तुमची माया आमच्यावर आहेच, त्यातली थोडी कागदावर उतरू द्या.

तुमची,
आम्रपाली


वडूज,
१० फेब्रुवारी

चि. आम्रपाली हिस,
आईचे अनेक आशीर्वाद. मिलिंदरावांना जयभीम, सृष्टीला गोड पापा.

काल सकाळी मी वाफे बघून चार दिवसांत येती म्हणून निघाले. तुला खरं सांगितलं न्हाई. मला तुझ्या अण्णांना विचारायचं हुतं की खुशाल ऱ्हा म्हणजे काय. ते कागदावर विचारून भागणार नव्हतं.

आमची गाडी विट्याला चहाला थांबली. मी पाय मोकळे करायला उतरले. समोरच्या फलाटावर एका माणसाची पाठ दिसली. त्याच्या पिशवीतनं शेवग्याच्या शेंगा वर आलेल्या. अशा लांब, भरलेल्या, गाठीगाठीच्या शेंगा मी बाजारात कवा बघितल्या न्हाईत. मला ऱ्हावलं न्हाई. मी जवळ जाऊन शेंगंला हात लावला आणि विचारलं, आवं दादा, ह्या शेंगा कुठल्या. तर त्यो माणूस वळला. तुझे अण्णा.

मी त्यांना दादा म्हणाले हे कुणाला सांगू नको.

ते कुपवाडला निघाले हुते. मला न्यायला न्हाई, ऱ्हायला. तुझं पत्र आल्यावर त्यांनी उत्तर लिहायला घेतलं हुतं, पर एका ओळीत बसंना, म्हणून पिशवी भरली आणि निघाले. आता आमी आनंदानं बोलायचं तर भांडायलाच लागलो. मी म्हणाले, वाफ्याला पाणी कोण घालतंय. ते म्हणाले, बिरदेव. तू हितं कशी, बाळाजवळ कोण हाय. मी म्हणाले, बाळाला आई-बाप हायेत. तेवढ्यात दोन्ही गाड्यांची घंटी झाली. त्यांनी माझी पिशवी उचलली आणि वडूजच्या गाडीकडं निघाले. मी त्यांची पिशवी उचलली आणि सांगलीच्या गाडीकडं निघाले. दाराशी पोचल्यावर मागं वळून बघितलं, तर ते तिकडनं बघत हुते. परत मधी आलो. दोन्ही गाड्या गेल्या.

मग बाकावर बसलो. त्यांनी डबा उघडला. तुमच्यासाठी आणला हुता, म्हणून हितं कबूल करती की तो आमी संपवला. भरलं वांगं, चाकवताची भाजी आणि भाकरी. आधी मला वाढलं. मी खात हुते आणि ते माझ्या तोंडाकडं बघत हुते, आठवीच्या परीक्षेचा निकाल लागायचा असल्यागत. मी म्हणाले, तीळ जरा जास्त पडलेत. ते म्हणाले, व्हय, पडले असतील. मग मी दुसरं वांगं मागितलं तवा त्यांच्या जिवात जीव आला.

पोरी, एवढी वर्षं मी लोकांना जेवायला वाढलं. केलेलं आयतं, त्यातनं त्यांच्या हातचं, विट्याच्या स्टँडवर बसून खाताना मला कसं वाटलं ते मी काय लिहू. एक कंडक्टर जवळनं जाताना म्हणाला, मावशी, बरं हाय न्हवं. मी हसत हुते आणि डोळ्याला पाणी, त्याला वाटलं मिरची लागली.

मग मी विचारलं, खुशाल ऱ्हा म्हणजे काय. ते आपल्याच परसातल्या त्या शेंगा नीट करत बसले. मग म्हणाले, मला वाटलं तुला तिथं बरं वाटतंय. सकाळी पावट्याला नवं फूल आलं की मी घराकडं तोंड करून तुला हाक मारायचो, मग ध्यानात यायचं. बिरदेवला दाखवलं तर त्यो म्हणायचा, फूल हाय, त्यात काय बघायचं.

तर असं ठरलंय. पावटा होळीपतूर चालंल. तोवर आमी हितं. तू बाळाला घेऊन ये, हितली थंडी सरत आली, परसात ऊन चांगलं पडतं. उन्हाळ्यात वडूजला नळाचं पाणी कमी होतं, वाफे मोकळेच असतात, तवा आमी दोघं तुझ्याकडं. रजा संपली की तू कामाला जा, सृष्टीला मी बघती, स्वयंपाकाला अण्णा. त्या खालच्या दोन खोल्यांचं मालकाला बोलून ठेव. मृग निघाला की परत हिकडं, मग तुझ्या सासूबाई येऊ देत. आमी येईपतूर माझ्या मेथीला रोज पाणी घाल, पर बेतानं.

परस बघितलं. काटेमाठ कमरंएवढा झालाय. उपटू का म्हणाले तर म्हणतात, असू दे, पहिलं झाड हाय माझं. मी बी म्हणाले, असू दे.

एक सांगायचं ऱ्हायलं. विट्यात वडूजची गाडी आधी लागली म्हणून तिच्यात बसलो. ड्रायव्हर ओळखीचा निघाला, यांच्या हाताखालनं गेलेला. तुला ठाऊक हाय, आजवर कुठं बी निघालो की हे पुढं ड्रायव्हरजवळ गप्पा मारत बसायचे आणि मी मागं पिशव्यांजवळ. ड्रायव्हरनं काल तीनदा हाका मारल्या, अण्णा, पुढं या, इंजनाचा आवाज ऐका. हे मला खिडकीकडच्या शिटावर बसवून माझ्या शेजारी बसले हुते. पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाले, तुझं इंजन तू बघ गड्या, आज मी पॅसेंजर हाय.

माया पातळ करू नका, लवकर या.

तुझी,
आई